पॉइंट आपला, बॉल त्यांचा!

सुरुवातीलाच एक कोडं. आणि हो, गूगल बंद!

तुमची टीम दहा पॉइंटनी मागे आहे. मॅच संपायला उरलीयत जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं. या खेळाचा नियम असा, की तुम्ही स्कोअर केलात रे केलात की बॉल समोरच्या टीमकडे. पुन्हा स्कोअर केलात? पुन्हा बॉल त्यांचाच. आता सांगा, ही मॅच जिंकायची कशी?

'जिंकायची कसली, सरळ बॅगा भरायच्या,' असं उत्तर मी दिलं होतं. साफ चूक! २८ सप्टेंबर २०१४ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर कॉर्क काउंटीच्या पोरींनी नेमकी अशीच मॅच जिंकली. साधीसुधी नाही, ऑल-आयर्लंड फायनल. समोर खुद्द डब्लिनची टीम, तीही डब्लिनमध्येच. शेवटचा स्कोअर कॉर्क २-१३, डब्लिन २-१२. फरक एका पॉइंटचा!

हे कोडं मला घातलं माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने. ती डब्लिनला आयटीत आहे. नवीन गेली तेव्हा घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, एवढाच तिचा प्रोग्राम. वीकेंडला फोन करून ती माझ्याशी पावसाबद्दल बोलायची. इतकं बोलायची, की इथे मला सर्दी व्हायची. मग एकदा ऑफिसातल्या एका बाईने तिला जवळच्या मैदानावर ओढून नेलं. तिथे 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' नावाचा प्रकार चालतो. बायकांनी संध्याकाळी जमायचं, खेळ शिकायचा, हसतखेळत मॅच खेळायची, मेडलबिडलची भानगड नाही. आमची मैत्रीण 'मदर्स'मध्ये बसत नव्हती, म्हणून 'अदर्स'मध्ये भरती झाली.

पहिल्याच संध्याकाळी तिने गोंधळ घातला. शाळेत ती कबड्डीची कॅप्टन. समोरून एक बाई बॉल घेऊन पळत आली, आणि हिने काय करावं? झकासपैकी कंबरेची पकड! शिट्टी वाजली, सगळं मैदान थांबलं. महिलांच्या गेलिक फुटबॉलमध्ये असं कुणाला धरायचं नसतं. कोचने हसत हसत तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, 'माणसाला धरू नकोस. बॉल कुठे पडणार आहे ती जागा धर.'

त्या एका वाक्यापासून बाईसाहेब जी वेडी झाली ती झाली. आता फोनवर पाऊस नसतो, किक-आउट असतो. ऐकून ऐकून मीही जुन्या मॅचेस बघायला लागले. आणि खरं सांगते, एकदा हा फंडा समजला की आपण बॉल बघतच नाही. बॉल पडायच्या आधी कोण कुठे पळतंय ते बघतो.

आधी बेसिक्स

दोन्हीकडे पंधरा-पंधरा जणी. गोलपोस्ट इंग्रजी 'एच'च्या आकाराचे. आडव्या दांड्याच्या खालून बॉल जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. म्हणून स्कोअर लिहिताना २-१३ असं लिहितात. दोन गोल आणि तेरा पॉइंट, एकूण एकोणीस. डब्लिनचे २-१२ म्हणजे अठरा. आलं लक्षात?

बॉल हातात घेता येतो, पायाने मारता येतो, हाताने ठोसून पास देता येतो. पण हातात धरून सुसाट पळायचं नाही. चार पावलं झाली की एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा, नाहीतर बॉल पायावर टाकून परत हातात घ्यायचा.

महिलांची मॅच साठ मिनिटांची. बॉल पुरुषांच्या बॉलपेक्षा एक साइझ लहान. आणि दोन फरक असे, की ते डोक्यात पक्के बसवा, पुढे लागणार आहेत. पहिला, बायकांना जमिनीवरचा बॉल उभ्या उभ्या थेट हाताने उचलता येतो. पुरुषांना तो आधी पायाने वर घ्यावा लागतो. दुसरा, बायकांच्या खेळात अंगावर जाण्याला, खांदा मारण्याला पुरुषांच्या मानाने खूपच कमी वाव. म्हणजे नुसत्या ताकदीवर बॉल मिळत नाही.

आता आपल्या विषयाकडे. हाफ सुरू होताना रेफरी मधल्या खेळाडूंच्या मध्ये बॉल वर फेकतो, तो थ्रो-इन. बाजूने बाहेर गेला की साइडलाइन किक. पण सगळ्यांचा बाप म्हणजे किक-आउट. कुणी स्कोअर केला, किंवा मारलेला बॉल पोस्टच्या बाहेरून गेला, की ज्या टीमचा गोल तिकडे आहे तिच्या गोलकीपरने बॉल मैदानात परत मारायचा. खेळ पुन्हा सुरू.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? आपल्या नेहमीच्या फुटबॉलमध्येही गोल खाल्लेली टीमच सेंटरवरून सुरुवात करते. बरोबर. पण तिथे अख्ख्या मॅचमध्ये गोल होतात दोन नाहीतर तीन. इथे? त्याच २०१४ च्या फायनलचं गणित करा. कॉर्कचे दोन गोल आणि तेरा पॉइंट म्हणजे पंधरा स्कोअर. डब्लिनचे चौदा. एकूण एकोणतीस. म्हणजे नुसत्या स्कोअरनंतरचेच अठ्ठावीस-एकोणतीस किक-आउट, बाहेर गेलेले बॉल वेगळेच. साठ मिनिटांत साधारण दर दोन मिनिटांनी एकदा तरी बॉल हवेत आहे, आणि तो कागदोपत्री एका टीमचा असला तरी प्रत्यक्षात ज्याच्या हातात पडेल त्याचा!

आणि इथेच या कोड्याचं उत्तर आहे. मागे पडलेल्या टीमने नुसते पॉइंट मारून भागत नाही. प्रत्येक पॉइंटनंतर समोरच्यांचा किक-आउट त्यांच्याच नाकासमोरून पळवावा लागतो.

आपला किक-आउट : जवळ, मधे की लांब?

पूर्वीचा हिशोब सोपा होता. गोलकीपरने डोळे मिटून बॉल जमेल तितका लांब हाणायचा. मध्यावर दोन्हीकडच्या उंच खेळाडू उड्या मारणार, मग नशीब. पुरुषांच्या खेळात हा हिशोब मोडणाऱ्यांत सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे डब्लिनचा गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन. किक-आउट म्हणजे नुसता लाथाडलेला बॉल नसून पहिला पास आहे, हे त्याने दाखवून दिलं. मग सगळ्यांनीच जवळचे, अचूक किक-आउट सुरू केले. इतके, की २०२५ मध्ये पुरुषांच्या खेळात नियमच आला, किक-आउट चाळीस मीटरच्या कमानीपलीकडे गेलाच पाहिजे! आयडिया इतकी हिट झाली की तिला आवर घालायला नियम करावा लागला, याहून मोठी पावती कोणती?

तर गोलकीपरसमोर मूळ पर्याय तीन.

एक, जवळचा. कॉर्नर बॅक मोकळी दिसली की पटकन तिच्याकडे. यात सगळा खेळ वेगाचा. समोरच्या पोरी स्कोअर करून एकमेकींना टाळ्या देत मागे वळतायत, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत बॉल गेलासुद्धा पाहिजे. म्हणून चांगली गोलकीपर स्कोअर खाल्ल्यावर मान खाली घालून बसत नाही. तिची नजर आधी बॉल शोधते, मग मोकळी मैत्रीण.

दोन, मधला. समोरच्यांची पहिली फळी पुढे सरकलेली आहे, मागे मिडफिल्ड अजून लांब आहे. या दोघांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात, बहुतेक वेळा साइडलाइनच्या कडेला, बॉल अलगद टाकायचा. हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात डेंजर. चार मीटर कमी पडला तर बॉल समोरच्या फॉरवर्डच्या हातात, आणि तिच्यासमोर फक्त तुमचा गोल.

तीन, लांब. मध्यावर. पण हा आता नशिबाचा राहिलेला नाही. कुणी उडी मारायची, कुणी खाली थांबायचं, कुणी मागे राखण करायची, सगळं आधी ठरलेलं.

मोकळी जागा आपोआप मिळत नाही, ती बनवावी लागते. एक प्रकार असा. चार-पाच जणी एकाच ठिकाणी घोळका करून उभ्या राहतात. त्यांना धरायला आलेल्याही तिथेच अडकतात. गोलकीपरने खूण केली की घोळका फुटतो, एकेक जण वेगळ्या दिशेला. धरणाऱ्या एकमेकींना अडखळतात, आणि एक तरी मोकळी सुटते. दुसरा प्रकार त्याहून साधा. मिडफिल्डर जोरात गोलकीपरकडे पळत येते, 'मला दे, मला दे' करत. तिच्यामागे तिला धरणारीही येते. मिडफिल्डरला बॉल नकोच असतो! तिने रिकामी केलेल्या जागेत दुसरीच कुणीतरी येऊन बॉल घेते. पळणारीला ना बॉल, ना टाळ्या. हायलाइट्समध्ये तर ती दिसतच नाही.

ऑफिसात असं एखादं माणूस असतं बघा. तुमच्या टीममध्ये असेल तर जपा.

त्यांचा किक-आउट : चिकटा, सापळा लावा किंवा सोडून द्या

आता बाजू बदला. किक समोरची मारणार, बॉल आपल्याला हवाय.

पहिला मार्ग, फुल प्रेस. साधं गणित आहे. किक मारणारी गोलकीपर सोडली तर तिच्या चौदा जणी मैदानात. आपली गोलकीपर आपल्या गोलात, म्हणजे आपल्याही चौदा. प्रत्येकीला एक चिकटवा. आता तिने मारायचा कुणाकडे? बॉल लांबच हाणावा लागतो, आणि तो कुठवर जाऊ शकतो हे आपल्याला माहीत असतं, कारण तिची किक किती लांब पडते ते मॅच सुरू झाल्यापासून आपण बघतोय. वारा तिच्या तोंडावर असेल तर बघायलाच नको. पण यात मेख अशी, की चौदा जणींनी एकाच क्षणी पुढे सरकलं पाहिजे. एक जरी पेंगली, दम खात थांबली, तरी तीच जागा गोलकीपरला दिसते. आणि बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, तर मागे राखणीला जास्तीचं कुणी नाही. सगळे पैसे एका घोड्यावर!

दुसरा मार्ग, जागा वाटून घ्यायची. माणसांना नाही, पट्ट्यांना धरायचं. तू डावा पट्टा, मी मधला. जवळचे पास बंद करायचे आणि बॉल आपल्याला हव्या त्या ठिकाणी मारायला लावायचा.

तिसरा मार्ग माझा फेवरिट. सापळा! एका कॉर्नर बॅकला मुद्दाम मोकळं सोडायचं. गोलकीपरला वाटतं, अरे वा, मोकळी आहे की. ती मारते. बॉल हवेत असतानाच आपल्या दोघी-तिघी तिकडे सुटतात. कॉर्नर बॅक बॉल घेऊन वळते तोवर समोर दोघी, मागे तिची स्वतःची एंडलाइन आणि बाजूला साइडलाइन. ती पांढरी रेघ फुकटात मिळालेली आपली सोळावी खेळाडू!

आणि चौथा मार्ग, सोडून देणं. हो, हीसुद्धा टॅक्टिक आहे. घ्या बाई जवळचा बॉल, आम्ही मागे जाऊन भिंत उभी करतो. आघाडीवर असाल, दम संपला असेल, तर हेच शहाणपण. फक्त दहा मिनिटं शहाणपण आणि मग एकदम प्रेस, असं वेळ बघून बदलता आलं पाहिजे. समोरच्या गोलकीपरला आता काय येणार हे कळता कामा नये.

सुटलेला बॉल

एवढं सगळं करूनही बरेच बॉल कुणाच्याच हातात स्वच्छ पडत नाहीत. दोघी उडी मारतात, बोटांना लागतो, बॉल खाली सुटतो. इथे मघाचे ते दोन फरक आठवा.

अंगावर जायला वाव कमी, म्हणून उडी मारणारीला ढकलून बॉल मिळत नाही. उडीची वेळ साधावी लागते, जागा आधी पकडावी लागते. कॅच होणार नाही असं दिसलं तर शहाणी खेळाडू बॉलला हाताने नुसती टपली मारते, आणि तीही ठरलेल्या बाजूला. तिथे आधीच आपली एक जण धावत येत असते.

आणि खाली पडलेला बॉल थेट हाताने उचलता येतो, म्हणून पायाने वर घेण्यात जाणारा अर्धा सेकंदही इथे मिळत नाही. जिचं पहिलं पाऊल आधी पडलं, बॉल तिचा. त्यामुळे उंच मिडफिल्डरइतकीच किंमत तिच्या आसपास घिरट्या घालणाऱ्या, चपळ, कायम वाकलेल्या पोरींना. त्यांना नियम एकच, उभं राहायचं ते आपल्या गोलच्या बाजूला. बॉल मिळाला तर सोनं, नाही मिळाला तरी समोरची आणि आपला गोल यांच्या मध्ये आपण आहोतच.

आमच्या मैत्रिणीला कोचने हेच काम दिलं. कबड्डीत रेडरचा पाय हलायच्या आधी तिला कळायचं तो कुठे जाणार. इथे उडी मारणारीच्या मनगटाकडे बघून तिला कळायला लागलं, बॉल कुठे सुटणार. 'मी बॉल बघतच नाही गं,' ती सांगते, 'हात बघते.'

पुन्हा क्रोक पार्क

तर २०१४ ची फायनल. दहा पॉइंटची तूट, म्हणजे जिंकायला उरलेल्या वेळात डब्लिनपेक्षा अकरा जास्त हवेत. कोच एमन रायनने बेंचवरून उतरवलेल्या दोघींनी, रोना नी वुआखला आणि ईमर स्कॅलीने, एकेक गोल मारला. सहा झाले. बाकीचे एकेक करून. शेवटचा, जिंकून देणारा पॉइंट जेराल्डिन ओफ्लिनचा.

हायलाइट्समध्ये हे सगळे स्कोअर दिसतात. पण मधल्या जागा बघा. प्रत्येक स्कोअरनंतर बॉल डब्लिनचा होता. महिलांच्या खेळात मोठ्या मॅचना घड्याळ उलटं चालतं, सगळ्यांना दिसतं, शून्य झालं की भोंगा. डब्लिनने दर वेळी किक-आउट घेऊन बॉल शांतपणे मिनिट-दीड मिनिट फिरवला असता, तर पंधरा मिनिटं अशीच उडून गेली असती. कॉर्कने त्यांना ती शांतता मिळू दिली नाही. हरणारी टीम सहसा पॉइंट मिळाल्यावर 'चला, इज्जत तरी वाचली' म्हणत मागे पळते. या पोरी पुढे राहिल्या.

एमन रायन २००४ ते २०१५ कॉर्कचा कोच होता, आणि त्या काळात टीमने दहा ऑल-आयर्लंड जिंकल्या. २०१४ च्या शेवटी आयर्लंडच्या आरटीई चॅनलने कॉर्कला वर्षातली सर्वोत्तम टीम ठरवलं. हा मान महिलांच्या टीमला पहिल्यांदाच मिळाला.

पण बॉल कुणाचा सगा नसतो, बॉस! २०२१ ची सेमीफायनल. कॉर्क विरुद्ध मीथ. मीथ म्हणजे आदल्याच मोसमात खालच्या, इंटरमीडिएट गटात खेळलेली टीम. मॅच संपत आली आणि मीथ सात पॉइंटनी मागे. म्हणजे किमान तीन स्कोअर हवेत, आणि प्रत्येकानंतर किक-आउट कॉर्कचा. ओळखीचं वाटतंय ना? मीथने बरोबरी केली, मॅच जादा वेळात नेली आणि २-१२ विरुद्ध २-१० अशी जिंकली. सात वर्षांपूर्वी जो धडा कॉर्कने दिला होता, तोच त्यांच्या अंगावर आला. पुढे फायनलमध्ये सलग पाचव्या ऑल-आयर्लंडकडे निघालेल्या डब्लिनला मीथने १-११ विरुद्ध ०-१२ असं हरवलं. अवघ्या दोन पॉइंटनी. म्हणजे दोन किक-आउट इकडचे तिकडे झाले असते तर कप वेगळ्या बसमधून घरी गेला असता!

संध्याकाळी सातनंतर

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. या कुणालाही खेळायचा पगार नाही. गेलिक खेळ हौशी आहेत, पुरुषांचेही आणि बायकांचेही. कॉर्कच्या त्या टीममधली रीना बकली फिजिओथेरपिस्ट. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी अकाउंट्समध्ये. दिवसभर नोकरी, संध्याकाळी गाडी काढून प्रॅक्टिस, सकाळी परत ऑफिस.

आणि बायकांना तर सुरुवातच उशिरा मिळाली. गेलिक खेळांची संघटना १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. महिलांच्या फुटबॉलची संघटना त्याच हॉटेलात स्थापन व्हायला १९७४ साल उजाडलं. नव्वद वर्षं! त्याच वर्षी टिपररीने ऑफलीला हरवून पहिली ऑल-आयर्लंड जिंकली. तिथून २०१९ च्या फायनलला क्रोक पार्कवर ५६,११४ माणसं आली. तरीही २०२३ मध्ये काउंटीच्या खेळाडूंना प्रवासखर्च, डॉक्टर, मैदान अशा साध्या सोयींसाठी निषेध नोंदवत उरलेला मोसम खेळावा लागला. त्यांनाही बॉल कुणी हातात आणून दिलेला नाही.

म्हणून मला किक-आउटचं हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. उंची वाढवता येत नाही. ऑफिस सोडून दिवसभर जिममध्ये बसता येत नाही. पण बॉल थांबलेला असतो त्या चार सेकंदांत कुणी कुठे पळायचं, हे आधी ठरवता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी, पावसात, पंचवीस वेळा तेच ते करायची तयारी लागते. आणि ज्या पळण्याने आपल्याला बॉल मिळणारच नाही, तेही जीव तोडून पळायची तयारी.

आपलं काय होतं? प्रोजेक्ट संपला, क्लायंट खूश, बॉसचा 'वेल डन'चा मेल. आपण आठवडाभर तो मेल चाटत बसतो. फ्रीलान्सर लोकांचं तर विचारूच नका. लेख छापून आला की मी दोन दिवस स्वतःवर फिदा! तेवढ्यात पुढचा विषय कुणीतरी दुसऱ्याने उचललेला असतो. पॉइंट माझा, बॉल त्यांचा.

गेल्या रविवारी मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या टीमची शेजारच्या क्लबशी मैत्रीची मॅच होती. मागे नेहमीचा पाऊस ऐकू येत होता, पण त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

'जिंकलात का?' मी विचारलं.

'छे! आठ पॉइंटनी आपटलो.' आवाज मात्र असा, की कप घेऊन निघालीय. 'पण ऐक ना, त्यांचे तीन किक-आउट मी उचलले. तीन! तिसऱ्या वेळी तर त्यांची गोलकीपर ओरडली, अगं त्या निळ्या टीशर्टवालीला धरा कुणीतरी!'

त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी तिला धरायला माणूस ठेवलं होतं. याहून मोठं कौतुक नाही, असं तिचं म्हणणं. मला तरी पटलं.